हात द्यावा, हातातलं काम घेऊ नये

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



मी बोलतेय मुंबईच्या उपनगरातून. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या वस्त्यांमध्ये जे महिला बचत गट आहेत, त्यांची मी समन्वयक. शिक्षण म्हणाल तर बी.ए., तेही मराठी घेऊन. आणि आज मी तुमच्याशी बोलणार आहे इंजिनियरिंगच्या मुलामुलींच्या प्रोजेक्टबद्दल! हसू नका. हा विषय मी शोधायला गेले नव्हते. तो आमच्या गटाच्या मासिक बैठकीत कर्जाचा अर्ज बनून आला.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या गटातल्या एका ताईंनी पाच हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. त्या चार घरची धुणीभांडी करतात. त्यांची मुलगी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. घरातली पहिलीच एवढी शिकलेली. आम्ही नेहमीसारखं विचारलं, "कर्ज कशासाठी?" ताई म्हणाल्या, "पोरीला प्रोजेक्ट घ्यायचाय. चार मुली मिळून वीस हजारांचा. दुकानवाला तयार करूनच देतो, वर छापलेली फाइलपण देतो."

आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी पेटी उघडली होती. तेवढ्यात गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी बोलल्या, "उद्या परीक्षेचा पेपर विकत मिळतो म्हणालीस, तर त्यालाही कर्ज द्यायचं का गं?"

खोलीत कुणी बोलेना. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "मावशी, मला काय कळतं त्यातलं? सगळी मुलं घेतात म्हणाली. माझी पोर मागे राहिली तर?"

ताईंच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मुलीला मागे राहू द्यायचं नाही, आणि खोट्यालाही पैसे द्यायचे नाहीत, मग करायचं काय? पुढच्या आठ महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते आज सांगते. तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कॉलेजात डिप्लोमा किंवा डिग्री करत असतील. आज ना उद्या हा प्रश्न तुमच्याही बैठकीत येईल.

आधी प्रोजेक्ट म्हणजे काय ते पाहू. इंजिनियरिंगची डिग्री चार वर्षांची. शेवटच्या वर्षी तीन-चार मुलांनी मिळून एक वस्तू, यंत्र किंवा व्यवस्था स्वतः आखायची, स्वतः बनवायची आणि परीक्षकांपुढे समजावून सांगायची. कॉलेजातले एक सर किंवा मॅडम त्यांच्या गाइड असतात. पण एकेका सरांकडे बरेच गट असतात. मग मुलांना वाटतं, कुठून सुरुवात करू, सुटे भाग कुठे मिळतील, पैसे कोण देईल? ही भीती ज्याला कळते, तो दुकान थाटून बसतो. मुलगी वस्तू घेऊन जाते, मार्कही पडतात. मग नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारतं, "ही मोटर एवढीच का घेतलीस?" आणि तिला उत्तर येत नाही. चार वर्षांची फी भरली, पण हात कोराच राहिला.

अशा मुलांना दोन तऱ्हेचे मदतनीस लागतात. एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक. दुसरा स्पॉन्सर, म्हणजे प्रायोजक. शब्द मोठे वाटतात, पण ही माणसं आपल्या ओळखीची आहेत. गट सुरू झाला तेव्हा सहयोगिनी ताई किंवा सीआरपी ताई यायच्या ना? त्यांनी वही कशी लिहायची ते दाखवलं, पण आपली वही त्यांनी लिहिली नाही. लिहिली असती तर आपण आजही अंगठाच देत बसलो असतो. त्या झाल्या मार्गदर्शक. आणि बँकेने कर्ज दिलं, कुणी शिलाई मशीन दिलं, कुणी प्रदर्शनात फुकट स्टॉल दिला, ते झाले प्रायोजक. बँकेने पैसे दिले म्हणून पापड काही बँकेने लाटले नाहीत. लाटले आपणच.

आता आमच्या जवळचीच दोन मोठी उदाहरणं सांगते.

पवईला तलावाच्या काठी आयआयटी बॉम्बे आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी 2007 च्या सुमारास ठरवलं की आपण उपग्रह बनवायचा. नाव ठेवलं 'प्रथम'. वजन साधारण दहा किलो, म्हणजे आपल्या अर्ध्या गोणी कांद्याइतकंही नाही. वरच्या हवेच्या थरात किती विद्युतकण आहेत ते मोजायचं, हे त्याचं काम. मुलांना उपग्रहाचा अनुभव कुठून असणार? इस्रोने, म्हणजे आपल्या देशाच्या अंतराळ संस्थेने, त्यांना हात दिला. इस्रोचे शास्त्रज्ञ टप्प्याटप्प्याने मुलांचं काम तपासायचे आणि खोदून खोदून प्रश्न विचारायचे. मुलं परत जाऊन दुरुस्ती करायची. अखेर 26 सप्टेंबर 2016 ला श्रीहरिकोटाहून इस्रोच्या पीएसएलव्ही सी-35 या रॉकेटने 'प्रथम' आकाशात गेला. त्या रॉकेटमध्ये एकूण आठ उपग्रह होते. त्यांतला एक आमच्या पवईच्या पोरांचा.

मैत्रिणींनो, 2007 ते 2016 म्हणजे नऊ वर्षं. ज्यांनी सुरुवात केली ती मुलं शिकून केव्हाच बाहेर पडली होती. एका तुकडीने दुसरीला, दुसरीने तिसरीला काम सोपवलं. हे कशामुळे जमलं? लिहून ठेवल्यामुळे. काय ठरलं, का ठरलं, काय फसलं, हे सगळं कागदावर होतं. आपल्या गटाची इतिवृत्ताची वही नसेल तर नव्या अध्यक्षांना जुना ठराव कसा कळणार? तसंच ते.

त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या सीओईपी या जुन्या इंजिनियरिंग कॉलेजच्या मुलांचा 'स्वयम्' हा जेमतेम एक किलोचा उपग्रहही इस्रोने सोडला होता. त्यावरही विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. इथे इस्रो मार्गदर्शकही आणि प्रायोजकही. तिने मुलांना रॉकेटमध्ये जागा दिली, तपासणी दिली, आपला अनुभव दिला. पण उपग्रह इस्रोने बनवून दिला नाही. तिच्या एखाद्या अनुभवी माणसाने तो किती लवकर केला असता! मग मुलं काय शिकली असती?

दुसरं उदाहरण मोटारीचं. घाटकोपरच्या शेजारी विद्याविहार स्टेशन आहे. तिथल्या सोमय्या कॉलेजची मुलं 'ओरायन रेसिंग इंडिया' नावाने शर्यतीची छोटी गाडी बनवतात. पार्ल्याच्या संघवी कॉलेजच्या, पवईच्या आयआयटीच्या मुलांच्याही अशा टीम आहेत. या गाड्या 'फॉर्म्युला स्टुडंट' नावाच्या स्पर्धांमध्ये उतरतात. मला वाटायचं, शर्यत म्हणजे जो पहिला येईल तो जिंकला. पण तसं नाही. या स्पर्धेला एकूण 1000 गुण. त्यातले 325 गुण गाडी जागची न हलता मिळवायचे असतात. गाडी अशी का आखली ते समजावून सांगायचे 150, खर्चाचा हिशोब नीट मांडायचे 100, आणि ही गाडी विकायची तर धंदा कसा कराल ते पटवून द्यायचे 75. समोर परीक्षक म्हणून कारखान्यांमध्ये काम केलेले इंजिनियर बसतात. एक एक स्क्रू का लावला ते विचारतात. दुकानातून आणलेली गाडी तिथे पाच मिनिटंसुद्धा टिकायची नाही.

नियमही तसाच आहे. गाडीची कल्पना, आखणी आणि बांधणी विद्यार्थ्यांनीच करायची. कॉलेजचे शिक्षक सल्ला देऊ शकतात, पण त्यांनी किंवा व्यावसायिक इंजिनियरांनी मुलांच्या जागी बसून गाडी आखून द्यायची नाही. म्हणजे मदत किती घ्यावी, याची रेघ त्या स्पर्धेने आधीच ओढून ठेवली आहे.

मग प्रायोजक काय करतात? अशा गाडीला पुष्कळ खर्च येतो, तो मुलांच्या खिशातून होत नाही. कुणी कंपनी रोख पैसे देते. कुणी पाइप देतं, कुणी टायर, कुणी आपल्या यंत्रावर भाग कातून देतं, कुणी कॉम्प्युटरवर आखणी करायचं महागडं सॉफ्टवेअर वापरू देतं. बदल्यात गाडीच्या अंगावर त्या कंपनीचं नाव चिकटवलं जातं. आपल्या गणेशोत्सवाच्या मांडवावर जाहिराती असतात, तसंच. पण कंपन्यांना आणखीही एक फायदा असतो. हात काळे करून काम शिकलेली मुलं त्यांना डोळ्यांसमोर दिसतात, आणि पुढे नोकरीला घेताना ती आठवतात. म्हणून मी म्हणते, प्रायोजकापुढे जाताना भीक मागायला गेल्यासारखं जायचं कारण नाही. तो देतो आणि त्यालाही काही मिळतं.

आता आमच्या मुलीकडे येते.

पुढच्या बैठकीला आम्ही तिलाच बोलावलं. मावशींनी विचारलं, "बाळा, तुला स्वतःला काय बनवता येईल?" ती मान खाली घालून बसली. म्हणाली, "मावशी, विषयच सुचत नाही." तेव्हा श्रावण चालू होता. आमच्या गटाचा धंदा पापडांचा. बाहेर धो धो पाऊस, खोलीभर दोऱ्या बांधून कापडावर पापड पसरलेले आणि अर्ध्यांना बुरशीचा वास. मावशी म्हणाल्या, "विषय डोक्यावर लोंबकळतोय की! आम्हाला पावसाळ्यात पापड वाळवायचं कपाट करून दे."

असा विषय ठरला. आमच्या गटाने ठराव केला, की प्रोजेक्ट विकत घ्यायला कर्ज नाही. बनवायला सामान घ्यायचं असेल तर कर्ज मिळेल, बिलं दाखवायची.

मार्गदर्शक आमच्या चाळीतच सापडले. एक काका, भांडुपच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काम केलेले. इकडे एलबीएस रोडला पूर्वी कारखान्यांची रांग होती. आता त्यातल्या कितीतरी जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत. पण त्या कारखान्यांमध्ये घडलेली माणसं अजून आमच्या चाळींमध्ये आहेत. काका सकाळी पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं.

मुलींनी कॉम्प्युटरवर सुंदर चित्र काढून आणलं. उंच, मोठं, चकचकीत कपाट. आम्ही सगळ्या बघत राहिलो. काकांनी चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, "जिन्यातून वर कसं नेणार?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मग टेप घेऊन जिना मोजला, दार मोजलं. कपाट दारातून आत जातच नव्हतं! चित्र पुन्हा काढावं लागलं. आता कपाटाचे तीन भाग केले, वर नेऊन जोडता येतील असे. काकांनी उत्तर दिलं नव्हतं, प्रश्न दिला होता. त्यांना उत्तर येत नव्हतं असं थोडंच आहे? पण ते म्हणायचे, "मी सांगितलं तर ती उद्या विसरेल. तिने मोजलं तर जन्मात विसरणार नाही."

इथे माझी एक चूक सांगते. पहिली चाचणी झाली तेव्हा मुलींनी आम्हाला बोलावलं. खाली हीटर, वर जाळीच्या चार फळ्या, त्यावर आमचे उडदाचे पापड. तासाभराने बाहेर काढले, तर पापडांचे द्रोण झालेले, कडा तडकलेल्या. मुलीचा चेहरा एवढासा झाला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "छान झालंय गं, पहिल्यांदाच केलंस ना!" काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "ताई, तुम्ही छान म्हणालात आणि ती घरी जायला निघाली. काय चुकलं ते बोलला असतात तर कामाला लागली असती." मला लागलं ते. पण खरं होतं.

मग मावशी पुढे झाल्या. "पोरी, उडदाचा पापड आपण कडक उन्हात टाकतो का? सावलीत टाकतो. पापडाला आच नको, वारा हवा." काकांनी त्याला जोडून विचारलं, "आणि पापडातनं निघालेला ओलावा कपाटातनं बाहेर कुठून जाणार?" कपाट तर चारी बाजूंनी बंद होतं! मुलींनी हीटर लहान केला, पंखा मोठा घेतला, वर ओली हवा जायला वाट केली. कितव्या फळीवरचा पापड किती वेळात वाळतो, ते प्रत्येक वेळी वहीत लिहिलं. जाळी स्टीलचीच हवी, गंजणारी चालणार नाही, हेही आमच्या बायकांनीच बजावलं. तेव्हा मला उमगलं की त्या प्रोजेक्टला मार्गदर्शक एक नव्हता. लोखंडातलं काका जाणत होते, पापडातलं आमच्या चौथी शिकलेल्या मावशी.

प्रायोजकाची गोष्ट मात्र सरळ झाली नाही. एका कार्यक्रमात एका बड्या गृहस्थांनी माइकवरून जाहीर केलं, "या मुलींना माझ्याकडून दहा हजार." टाळ्या झाल्या. मुलींनी त्या भरवशावर महागाचं सामान ठरवलं. नंतर फोन उचलणं बंद. एक महिना वाया गेला. तेव्हापासून आमचा नियम झाला, की माइकवरचा शब्द वहीत जमा धरायचा नाही. पैसे किंवा वस्तू हातात आली की मगच लिहायची.

मग मुलींनी एका पानाचं पत्र तयार केलं. आम्ही कोण, काय बनवतोय, कुणाच्या उपयोगाचं, आणि तुमच्याकडून नेमकं काय हवंय. "मदत करा" असं मोघम नाही. "इतके फूट लोखंडी अँगल आणि रविवारी अर्धा दिवस वेल्डिंग" असं स्पष्ट. असल्फ्याच्या बाजूला एक लहानसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. तिथल्या मालकांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "पैसे नाहीत माझ्याकडे, पण उरलेले तुकडे आहेत, मशीन आहे, रविवार आहे." कापणं, भोकं पाडणं त्यांनी मुलींकडून करून घेतलं, आधी चष्मा आणि हातमोजे घालायला लावून. वेल्डिंग त्यांच्या कारागिराने केलं, पण सांधा कुठे आणि का, ते आधी मुलींना सांगायला लावलं. त्यांचं मागणं एकच होतं, कपाटावर वर्कशॉपच्या नावाची छोटी पट्टी. ती आम्ही आनंदाने लावली.

सगळा खर्च साडेआठ हजारांच्या आत झाला. आमच्या ताईंना पाच हजारांच्या जागी अडीच हजार कर्ज पुरलं. ते फिटलंसुद्धा.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हीटर एवढा लहान का ठेवलास?" मुलीने वही उघडली आणि तडकलेल्या पापडांपासून सगळं सांगितलं. घरी येऊन आईला म्हणाली, "आई, सर ऐकत राहिले गं." ताईंना त्यातलं तांत्रिक काही कळलं नाही. पण त्या रात्री त्यांनी गटातल्या प्रत्येकीच्या घरी साखर दिली.

कपाट अगदी निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. एका वेळी थोडेच पापड मावतात, आणि विजेचं बिल बघून आम्ही ते फक्त पावसाच्या दिवसांत लावतो. पण पुढच्या श्रावणात बुरशीने पापड टाकायची वेळ आमच्यावर आली नाही.

आता तुमच्या गावाचं बोलू. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे इस्रो नि कुठे वर्कशॉप! मैत्रिणींनो, तुमच्याकडे शहरातल्या मुलांना सगळ्यात जास्त हवी असलेली गोष्ट आहे, ती म्हणजे खरी अडचण. पवईच्या आयआयटीत 1985 पासून 'सितारा' नावाचं एक केंद्र आहे. ग्रामीण भागासाठी उपयोगी तंत्र शोधणं हेच त्याचं काम. तिथले विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून काही आठवडे गावात जाऊन राहतात, पाण्याचे, शेतीचे, इंधनाचे प्रश्न समजून घेतात. केंद्र सरकारचं 'उन्नत भारत अभियान' 2014 मध्ये सुरू झालं. त्यात भाग घेणारी कॉलेजं किमान पाच गावं निवडून तिथल्या प्रश्नांवर काम करतात. तुमच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात, पॉलिटेक्निकमध्ये जाऊन विचारा, तुमचं कॉलेज यात आहे का. नसलं तरी प्राचार्यांच्या नावाने गटाच्या लेटरहेडवर पत्र द्या. शेवटच्या वर्षाचे विषय वर्षाच्या सुरुवातीला ठरतात, म्हणून जून-जुलैमध्येच द्या.

पत्रात "आमच्यासाठी काहीतरी करा" असं लिहू नका. मोजून लिहा. हळद उकडायला किती वेळ लागतो, किती लाकूड जळतं. शेवयांचं यंत्र दिवसाला किती किलो करतं, कुणाचा खांदा दुखतो. लाइट किती तास असते. दार किती रुंद आहे, हेही लिहा! आणि मुलं आली की त्यांना चहा द्या, पण खोटं कौतुक देऊ नका. वस्तू जड असेल तर जड आहे म्हणा. बाईला ते यंत्र एकटीने उचलता येत नसेल तर स्पष्ट सांगा. मी केली ती चूक करू नका.

एक अट मात्र घाला. मुलांनी किमान तीनदा यायचं. एकदा विचारायला, एकदा अर्धं काम दाखवायला, आणि शेवटी वस्तू वापरून बघायला. फोटो काढून गेले आणि परत फिरकलेच नाहीत, असं आपल्या गटांशी खूप वेळा होतं. पहिल्याच दिवशी हे बोलून घ्या.

जाता जाता, आपल्या बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. तीच मी आता मुलांच्या प्रोजेक्टला लावते. नियमित बैठक, म्हणजे मार्गदर्शकाला ठरलेल्या दिवशी भेटायचं, अडलं की मगच नाही. नियमित बचत, म्हणजे रोज थोडं काम साठवायचं, शेवटच्या महिन्यावर ढकलायचं नाही. अंतर्गत कर्ज, म्हणजे मदत मागायची ती नेमकी आणि गरजेपुरती. नियमित परतफेड, म्हणजे प्रायोजकाला खर्चाचा हिशोब द्यायचा, बनलेली वस्तू दाखवायची, आभार मानायचे. आणि नीट दप्तर, म्हणजे काय केलं आणि काय फसलं ते वहीत लिहायचं. बघा, इंजिनियरिंगचं आपल्याला कळत नाही म्हणता म्हणता अर्धं कळलंच की!

तुमच्या लेकीला, भाचीला, शेजारच्या मुलाला आज संध्याकाळी एकच विचारा, "तुझा प्रोजेक्ट काय आहे? मला समजेल असं सांग." ती सांगू शकली तर तिची पाठ थोपटा. अडखळली तर रागावू नका. तिच्याजवळ बसा, आणि गावातला जुना फिटर, पंपवाला, सुतार, गिरणीवाला कोण आहे त्याला हाक मारा. कर्ज लागलं तर गट आहेच. फक्त ते कर्ज तिचा हात चालवायला द्या, थांबवायला नको.

आमच्या ताईंची मुलगी आता नोकरीला लागली आहे. यंदा तिच्याच कॉलेजच्या दोन मुली आमच्या चाळीत विषय शोधत आल्या होत्या. ती रविवारी त्यांना घेऊन बसली होती. मुली म्हणाल्या, "ताई, तुम्हीच सांगा ना कसं करायचं." ती हसली आणि त्यांच्या हातात टेप दिली. म्हणाली, "आधी दार मोजा."

काका पेपरमधून डोकं वर काढून बघत होते. काही बोलले नाहीत.